गुरुवारची फोड

आधी नाकाबद्दल.

दिसायला त्यात काही विशेष नव्हतं. थोडं बसकं, शेंड्याला लालसर, चष्म्याने दोन्ही बाजूंना खळगे पाडलेलं. पण शीतगृहात सत्तावीस वर्षं या नाकाचा दरारा होता. मीटर कितीही भारीतला आणा, शेवटचा शब्द नाकाचा. म्हणून त्यांचं नाव नाकराव पडलं, आणि इतकं पक्कं पडलं की हजेरीपत्रकावरचं खरं नाव वाचून नवीन माणूस विचारायचा, हे कोण बुवा?

मग खोल्यांबद्दल. एकूण सहा. प्रत्येकीत जमिनीपासून छतापर्यंत सफरचंदांचे खोके. फळ झाडावरून तोडलं तरी श्वास घेत राहतं, आणि जितका श्वास घेतं तितकं लवकर म्हातारं होतं. म्हणून खोली थंड करायची, दार रबराने गच्च बंद करायचं आणि आतली हवा बदलायची. बाहेर आपण घेतो त्या हवेत शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन असतो. आत ठेवायचा दीड भाग. फळ मरत नाही, जागंही राहत नाही. आठ-नऊ महिने गुंगीत पडून असतं. दीडच्या वर गेलं की पिकायला लागतं. फार खाली गेलं की गुदमरतं, आणि गुदमरलेलं सफरचंद आतल्या आत आंबतं. बाहेरून लाल, टणक, देखणं. आत दारू.

हे आंबणं मीटरला कळत नाही. मीटर हवा मोजतो. फळाचं काय झालं ते फळालाच विचारावं लागतं. म्हणून दारातल्या छोट्या खिडकीशी आतल्या बाजूला जाळीच्या पिशव्या टांगलेल्या असतात. श्वास धरायचा, तोंड बाजूला वळवायचं, खिडकी हाताएवढी उघडायची, आकड्याने एक पिशवी ओढायची, खिडकी बंद. सोमवारी खोली एक, मंगळवारी दोन, असं शनिवारपर्यंत. ते फळ तासभर टेबलावर ठेवून द्यायचं, कारण गार फळ वास लपवतं. मग कापायचं, हुंगायचं, चावायचं, वहीत लिहायचं.

आणि आता तिसरी गोष्ट, जी शीतगृहात कोणालाच माहीत नव्हती. ते नाक मेलं होतं.

*

मरायला निमित्त साधं झालं. खोल्या भरून झाल्यावर नाकरावांना आठवडाभर ताप आला, सर्दी झाली. ताप गेला, सर्दी गेली, वास परत आला नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळायचं. बाकी जग पुसून टाकल्यासारखं. साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, शेवटी स्वतःचे मोजे हुंगले. काही नाही.

डॉक्टर म्हणाले, "येतो कधी कधी परत. सहा महिने लागतात, वर्ष लागतं."

"आणि नाही आला तर?"

"तर काय, वासावाचून कोणाचं अडत नाही हो."

नाकरावांनी मान हलवली. डॉक्टरांना आपण काय काम करतो ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. बायकोलाही हे सांगितलं नाही. कारण सांगायला गेलं तर एकच वाक्य तयार व्हायचं, आणि ते वाक्य म्हणजे सत्तावीस वर्षांवर फुली. मला वास

तेवढ्यावरच थांबायचं ते. मनातसुद्धा पुरं व्हायचं नाही.

पहिले पंधरा दिवस त्यांनी चक्क नाटक केलं. फळ कापायचं, डोळे मिटायचे, नाकाशी धरायचं, लिहायचं 'ठीक'. एकदा दूध गॅसवर करपून कोळसा झालं आणि ते शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले.

"अहो, घर पेटलं तरी तुम्ही पान उलटाल," बायको धावत येऊन म्हणाली. "लक्ष कुठे असतं हल्ली?"

"पेपरात."

"काय आलंय एवढं?"

ते गेली दहा मिनिटं त्याच पानावर होते.

*

अर्धं सफरचंद घरी आलं ते चुकून. कापलेलं, कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात विसरलेलं. बायकोने कोट झटकताना काढलं.

"हे माझ्यासाठी?"

काय बोलावं न सुचून नाकराव म्हणाले, "हो."

ती ओट्याशी उभी राहिली. सुरीने पातळ फोड काढली, तोंडात टाकली, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काय वास आहे हो याला. पावडरच्या डब्यासारखा. आमच्या आईच्या टेबलावर असायचा ना, गुलाबी झाकणाचा, तसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकरावांनी वही उघडली आणि खोली एकपुढे लिहिलं: वास पावडरच्या डब्यासारखा.

ही झाली सुरुवात. यात फसवणूक किती आणि अडचण किती, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. त्यांना एवढंच कळलं की घरात एक चालू नाक आहे, आणि ते रोज संध्याकाळी पाच वाजता मोकळं असतं.

मग रोज अर्धं सफरचंद. बायकोने कपाटातली छोटी निळी बशी काढली, जी पाहुण्यांसाठीसुद्धा निघत नसे. ती बसायची, ते समोर बसायचे. वर्षानुवर्षं पाच वाजता या घरात दोन माणसं दोन खोल्यांत असायची. आता एका टेबलाशी. ती फोड खायची, ते तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. इतकं टक लावून की एकदा ती लाजली. पन्नाशी उलटलेली बाई, दोन मुलींची लग्नं लावून मोकळी झालेली, पदराने तोंड पुसत म्हणाली, "असं काय बघता? मी काय पहिल्यांदा खातेय?"

"कसं लागतं ते बघतोय."

"मला बघून तुम्हाला काय कळणार?"

"कळतं," नाकराव म्हणाले. ते खरंच होतं.

आणि वही बहरली.

'खोली २. आंबटगोड. पाऊस पडून गेल्यावर अंगणातल्या दगडासारखा.' 'खोली ५. मधासारखा, पण मधाची बाटली बंद असताना येतो तेवढाच.' 'खोली ६. नवीन वहीसारखा. करकरीत.'

मॅनेजरबाई महिन्यातून एकदा वही बघत. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, गळ्यात चष्मा अडकवलेला. वाचता वाचता त्यांनी तो डोळ्यांना लावला. "नाकराव, सत्तावीस वर्षं नुसतं ठीक, ठीक लिहीत होतात. हल्ली कविता सुचायला लागल्या का?"

"वय झालं मॅडम. शब्द वाढतात."

"वाढू दे. बागवाले वाचून खूश होतात." पान उलटून त्या म्हणाल्या, "चार नंबरची खोली या वर्षी सगळ्यात शेवटी उघडायची. आणखी चार महिने. तिथलं फळ टणक आहे, टिकेल. टिकेल ना?"

"टिकेल," नाकराव म्हणाले.

*

वहीतली तीन पानं शेजारी शेजारी ठेवली असती तर त्यांच्याही लक्षात आलं असतं. ठेवली नाहीत.

गुरुवार. खोली ४. ऑक्सिजन १.५. गोड. छान.

गुरुवार. खोली ४. ऑक्सिजन १.५. छान.

गुरुवार. खोली ४. ऑक्सिजन १.६. छान.

आणि चौथ्या गुरुवारची ओळ शुक्रवारी सकाळी लिहायची होती. ती अशी लिहिली गेलीच नाही, कारण त्या संध्याकाळी मेहुणी आली.

*

मेहुणी बायकोहून नऊ वर्षांनी लहान. घरात शिरते ती बोलत, आणि जाते तेव्हाही वाक्य अर्धंच असतं. नाकरावांनी कोट काढला तेव्हा दोघी बहिणी टेबलाशी चहा घेत होत्या, मधोमध निळी बशी रिकामी वाट बघत होती.

"या भाऊजी, आणा तुमचा नजराणा. ताईने सांगितलंय सगळं. रोज अर्धं सफरचंद म्हणे! आमच्याकडचे रोज फक्त भूक घेऊन येतात."

"तू गप्प बस गं," बायको म्हणाली, पण तिचे गाल सांगत होते की गप्प बसली नाही तरी चालेल.

नाकरावांनी कागद उलगडला. बायकोने दोन फोडी केल्या. तिने तिची तोंडात टाकली, चावली, गिळली आणि म्हणाली, "छान आहे."

मेहुणीने चावली आणि थांबली. मग उठली, मोरीशी गेली, थुंकली, चूळ भरली.

"भाऊजी, हे काय दारूत बुडवून आणलंत की काय?"

"काय?"

"अहो, वास बघा ना याला. नेलपॉलिश काढायचं असतं ना, तसं येतंय. ताई, तू हे गिळलंस कसं?"

बायको बशीकडे बघत होती.

नाकराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "आजचंच असं आहे का?" त्यांनी विचारलं.

बायकोने बशी जवळ ओढली.

"हे बघ, राग नाही. आजचंच, की आधीचंही?"

"गुरुवारचं," ती म्हणाली. "गुरुवारचं असंच असतं."

"किती गुरुवार?"

"हा चौथा. पहिल्यांदा नुसतं थोडं वाटलं. मागच्या वेळी बरंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने मान वर केली. "तीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा स्वतःहून माझ्यासाठी काही आणत होता. त्यात खोट काढू?"

मेहुणीने उरलेला चहा एका घोटात संपवला.

नाकरावांनी काढलेला कोट परत घातला.

*

शीतगृह दोन मैलांवर. सायकलवर एरवी वीस मिनिटं, त्या दिवशी किती लागली त्यांना माहीत नाही. ते तोंडातल्या तोंडात एकच हिशेब करत होते. चार गुरुवार. म्हणजे पहिल्याच्या आधीपासून. पंचवीस दिवस? सव्वीस? मीटर दीड सांगतोय. मीटर दीड सांगतोय आणि फळ आंबतंय, म्हणजे मीटर खोटं सांगतोय. मीटर खोटं सांगतो तेव्हा सांगायला नाक असतं. नाक असतं, नाक असतं, पेडल, पेडल, चढ.

मशीनच्या खोलीत बर्फ्या होता. कॉम्प्रेसरवाला, अंगात बारा महिने दोन स्वेटर, म्हणून बर्फ्या. नाकरावांना काका म्हणे आणि मस्करीत कसूर करत नसे.

"काका, घरून हाकललं का?"

"हातातला मीटर दे."

बर्फ्याने चेहरा बघितला आणि मस्करी गिळली.

छोटा मीटर आधी बाहेरच्या हवेत धरला: २०.९. म्हणजे तो शहाणा. मग त्याची नळी चार नंबरच्या दाराच्या तोटीला लावली. आकडे घसरू लागले. दहा. चार. दोन. दीड. तिथे थांबले नाहीत. एक. ०.७. ०.४.

०.४.

भिंतीवरचा मोठा मीटर शांतपणे सांगत होता: १.६.

"आयला," बर्फ्या म्हणाला.

दोघांना एकदमच कळलं. खोलीतली हवा एका बारीक निळ्या नळीतून ओढून भिंतीवरच्या मीटरपर्यंत आणतात. ती नळी वाटेत कुठे सुटली असेल तर खोलीच्या हवेत बाहेरची हवा मिसळते. मीटरला वाटतं ऑक्सिजन वाढला. यंत्र आपल्या परीने कामाला लागतं, खोलीत आणखी नायट्रोजन सोडतं, ऑक्सिजन आणखी कमी करतं. मीटरला पुन्हा दीड दिसावं म्हणून यंत्राने चार नंबरचा गळा महिनाभर दाबला होता. इमानदारीने.

साबणाचं पाणी घेऊन बर्फ्या शिडीवर चढला आणि नळीच्या एकेका सांध्याला फेस लावत गेला. फुटलेल्या सायकलच्या ट्यूबला फेस लावला की बुडबुडा फुगतो. इथे उलटं, ही नळी हवा आत ओढते. तिसऱ्या सांध्यावर फेस टेकवला आणि तो सुळकन आत गेला.

"सापडलं. इथे तर..." बर्फ्या खाली बघत म्हणाला, "काका, इलेक्ट्रिशियनने ट्यूबलाइट बदलल्या ना, त्याने शिडी इथेच टेकवली होती. मीच धरली होती."

सांधा आवळला. ताज्या हवेची झडप थोडी उघडली. तासाभरात दोन्ही मीटर दीडवर येऊन एकमेकांशी सहमत झाले.

बर्फ्याने हात पुसले. सावकाश, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाला, "काका, एक विचारू? गुरुवारी फळ तुम्ही काढता. गेले तीन गुरुवार छान लिहिलंय. मी वाचलंय."

"हो."

"एवढं आंबलं तर मलासुद्धा कळलं असतं. माझं नाक म्हणजे नुसतं चष्मा टेकवायला आहे."

नाकराव खुर्चीवर बसले. आणि ते वाक्य, जे तीन महिने अर्ध्यावर थांबत होतं, ते कॉम्प्रेसरच्या घरघरीत, दोन स्वेटर घातलेल्या माणसासमोर, पुरं झालं. "मला वास येत नाही रे."

बर्फ्या म्हणाला, "अजिबात?"

"अजिबात."

"म्हणजे मागच्या महिन्यात मी इथे बसून मोजे वाळवत होतो आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, ते चांगुलपणा नव्हता तर."

नाकरावांना हसू आलं, आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेलं.

"ऐका," बर्फ्या शिडी मिटवत म्हणाला, "मी काही बघितलं नाही, काही ऐकलं नाही. सांधा आवळला, हवा दीडवर आली. थोडं आंबलेलं फळ हवा मिळाली की सावरतं, हे तुम्हीच शिकवलंय मला. महिन्याभरात चव जाईल. वहीत छान आहेच. कोणाला कळणार आहे?"

"चव जाईल," नाकराव म्हणाले. "पण गुदमरलेलं फळ लांबवर टिकत नाही. आतून तपकिरी पडतं. मॅडम चार नंबर सगळ्यात शेवटी उघडणार आहेत."

"चार महिन्यांनी."

"चार महिन्यांनी उघडतील आणि बाराशे खोके आतून काळे निघतील. आज सांगितलं तर ही खोली आधी निघेल, फळ खाल्लं जाईल."

"आणि तुम्ही?"

नाकराव भिंतीवरच्या मीटरकडे बघत राहिले. दीड. आता खरं दीड. हे खरं आहे हे त्यांना कसं कळत होतं? हातातल्या मीटरमुळे. आणि हातातला खरा कशावरून? बाहेरच्या हवेमुळे. आणि आपण?

*

मेहुणी गेली होती. बायकोने बशी धुऊन पालथी घातली होती.

सांगायला त्यांना वेळ लागला, कारण हे वाक्य दुसऱ्यांदा बोलायचं होतं आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड झालं होतं. वास गेला, हे तिने ऐकलं. डॉक्टर, ताप, करपलेलं दूध, सगळं तिने मनात एकापुढे एक लावलं, ते दिसत होतं. मग ती तिथे पोचली जिथे पोचणारच होती.

"म्हणजे ते सफरचंद."

"हो."

"माझ्यासाठी नव्हतं."

"पहिल्या दिवशी नव्हतं. नंतर..."

"नंतर काय?"

नंतर काय होतं ते त्यांना माहीत होतं. पाच वाजायची वाट बघणं होतं. पण तीन महिने तिच्या तोंडून चोरलेल्या शब्दांवर आपण दिवस काढले, आणि आता आणखी एक गोड शब्द तिच्यासमोर ठेवायचा, हे त्यांच्याने होईना.

"नंतर काय ते मला नीट बोलता येणार नाही," ते म्हणाले.

ती बराच वेळ टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसत बसली. डाग कधीच गेला होता.

"मला वाटलं, म्हातारपणी सुचलं याला," ती म्हणाली. नवऱ्याला तिने कधी 'याला' म्हटलं नव्हतं. मग उठली. "उद्या मॅनेजरबाईंना सांगणार?"

"हो."

"त्या विचारतील कधीपासून. तुम्हाला काय सांगता येणार आहे? खाल्लंय मी."

*

मॅनेजरबाईंची केबिन, शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. टेबलाच्या एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला बायको, ठेवणीतली साडी नेसून. नाकराव उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मॅनेजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिली दोन मिनिटं नुसती पानं उलटली.

"हे पावडरच्या डब्याचं तुमचं?"

"माझं," बायको म्हणाली.

"आणि दगड?"

"तेही."

"मग यांचं काय?"

"अक्षर," नाकराव म्हणाले.

मॅनेजरबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण लगेच जागेवर आला. "नाकराव, मीटर बिघडतो म्हणून तुम्ही आहात. तुम्ही बिघडलात तर ते सांगायला कोण आहे? तुम्हीच ना?"

"हो मॅडम."

"ते काम तुम्ही केलं नाहीत."

"नाही केलं."

त्या आणखी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं नाकरावांना वाटलं. मॅनेजरबाईंनी पेन उचललं आणि त्या बायकोकडे वळल्या. "पहिला गुरुवार. नक्की काय लागलं?"

"गोडच होतं. पण गिळल्यावर मागे काहीतरी राहिलं. बंद खोलीत पिकलेलं केळं राहावं तसं."

"कोणता गुरुवार, आठवतं?"

"नातीचा पहिला दात दिसला त्या दिवशी. लेकीचा फोन आला होता, मी फोड हातात धरूनच बोलले."

मॅनेजरबाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. ट्यूबलाइट बदलल्या त्यानंतर पाचव्या दिवशीचा गुरुवार. म्हणजे पाच दिवसांत कोणाची जीभ एवढं पकडू शकते. त्यांनी बायकोकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं.

"आणि बाकीचे वार? तेही छान म्हणून सोडलेत का? खरं सांगा. पाच खोल्या आहेत मागे."

"छान होते म्हणून छान म्हटलं," बायको म्हणाली. मग थोडी घुटमळली. "मंगळवारचं सोडून."

नाकराव वहीवर वाकले.

"मंगळवारचं काय?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"आंबट असतं. मला आंबट सफरचंद आवडत नाही. दर वेळी तोंड वाकडं व्हायचं, यांनी बघू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करायची."

"ती जातच आंबट आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या आणि श्वास सोडला. "बाकी?"

"बाकी खरं."

तरी त्यांनी सहाही खोल्यांची फळं त्याच दुपारी काढायला लावली आणि पॅकिंगच्या बायकांना बोलावून, एकीचं दुसरीला न सांगता, खायला दिली. पाच खोल्यांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. चार नंबरला सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. खोली सोमवारी उघडायचं ठरलं. चाखणं उद्यापासून बर्फ्याकडे आणि पॅकिंगच्या दोघींकडे. नाकरावांकडे नळ्या, सांधे, रोज हातातल्या मीटरने सहा दारं तपासायची. याला शिक्षा म्हणायचं की काम, ते मॅनेजरबाईंनी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

घरी परतताना सायकल हातात धरून ते तिच्याबरोबर चालत होते. बराच रस्ता गेल्यावर त्यांनी विचारलं, "सफरचंदाचं ठीक आहे. पण एवढ्या वर्षांत आणखी काय काय छान म्हणालीस?"

"सगळं एकदम विचारू नका," ती म्हणाली. "मला झेपणार नाही, आणि तुम्हाला तर नाहीच."

आणखी थोडं चालून तिनेच सुरुवात केली. "ती तपकिरी शाल."

"ती तुला आवडते."

"टोचते."

*

सोमवार. चार नंबरचं दार.

उघडायच्या आधी खोलीत सबंध सकाळ पंख्यांनी बाहेरची हवा भरली. हातातला मीटर नाकरावांकडे होता. वीसच्या वर आकडा आल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही. कमी ऑक्सिजनच्या खोलीत माणूस दोन श्वासांत आडवा होतो, आणि त्याला वाचवायला धावलेलाही त्याच्यावरच पडतो. ते दाराशी उभे राहून आकडे मोठ्याने वाचत होते. अठरा. एकोणीस. एकोणीस पॉइंट पाच. मागे पॅकिंगच्या बायका, बर्फ्या, दोन बागवाले. मॅनेजरबाई.

"वीस पॉइंट आठ," नाकराव म्हणाले, आणि बाजूला झाले.

दार सरकलं. सगळ्यांनी एकदम मान पुढे केली.

नाकराव त्यांच्या चेहऱ्यांकडे बघू लागले. गेले तीन महिने हेच केलं होतं, चोरून. कोणाच्या भुवया वर गेल्या, कोणाच्या नाकपुड्या फुलल्या, यावरून अंदाज बांधायचा आणि आपला चेहरा तसा करायचा. आज चेहरा काही करायची गरज नव्हती. त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. तो नुसता तिथे होता.

बर्फ्या त्यांच्याकडे वळला. "काका, सांगू?"

"सांग."

"म्हणजे कसं... सफरचंद तर आहेच. भरपूर सफरचंद. पण त्याच्या खाली असं, कोणीतरी कालच्या ग्लासात..."

"ग्लास नाही," पॅकिंगची एक बाई म्हणाली. "लग्नाच्या हॉलमधून सगळे गेल्यावर येतो तो."

"लग्नात तुझ्याकडे दारू असते काय गं?"

"फुलांचा म्हणतेय मी. सुकलेल्या."

"फुलं अजिबात नाहीत," बागवाला म्हणाला. "तळघर. बटाट्याचं तळघर आणि त्यात कोणीतरी अत्तर सांडलंय."

"बटाटा कुठून आणला तुम्ही?"

"येतोय मला बटाटा. तुम्हाला येत नसेल तर तुमचं नाक तुमच्यापाशी."

मॅनेजरबाईंनी एक फळ कापलं. आतून पांढरं होतं, गाभ्याशी एक फिकट तपकिरी छटा. त्यांनी फोड चावली, बराच वेळ चघळली. "खाता येईल," त्या म्हणाल्या. "या आठवड्यात संपवा." लोक ट्रॉल्या घ्यायला वळले, पण वाद त्यांच्याबरोबर चालूच राहिला.

नाकराव दाराशी उभे होते. तळघर, अत्तर, लग्नाचा रिकामा हॉल. एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. पहिला खोका ट्रॉलीवरून बाहेर आला तेव्हा त्यांनी बर्फ्याला बाहीला धरून थांबवलं.

"ग्लासाचं तू पुरं केलं नाहीस," ते म्हणाले. "कालच्या ग्लासात काय?"

बर्फ्याने ट्रॉली भिंतीला टेकवली, डोळे मिटले आणि खोलीकडे तोंड करून एक लांब श्वास घेतला.